भीड, सभ्यता आणि लहान होडी

सभ्यतेचे धडे आपण बहुधा जमिनीवर गिरवतों. वडील माणसें आलीं म्हणजे उठून उभें राहावें, दोघे बोलत असतांना मध्यें तोंड घालूं नये, पंक्तींत सर्वांस वाढून झाल्यावांचून पहिला घांस घेऊं नये, हे नियम आपणांस लहानपणापासून ठाऊक असतात. परंतु जेथें बसावयास हातभर जागा, रागावलों तर उठून जाण्यास वाट नाहीं आणि शेजाऱ्याच्या एका निष्काळजी हालचालीनें आपला जीव धोक्यांत येऊं शकतो, अशा ठिकाणीं सभ्यपणें वागणें म्हणजे काय, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. समुद्रांत बुडी घेण्यासाठीं माणसें नेणारी लहान खाजगी होडी हें असेंच एक ठिकाण होय.

हा विषय शालेय वार्षिकाचा नव्हे, असें कोणास वाटेल. पण आजकाल सुटी लागली कीं आपलीं पुष्कळ मुलें आईबापांबरोबर मालवण, तारकर्ली, देवबाग किंवा गोव्याच्या किनाऱ्याकडे जातात व तेथें होडींत बसून ‘स्कूबा’ करून येतात. हा शब्द पांच इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचा बनलेला आहे. आपला श्वास आपल्याच पाठीवर वाहून नेऊन पाण्याखालीं वावरण्याचें साधन, असा त्याचा अर्थ. १९४३ सालीं फ्रान्समध्यें जाक-इव्ह कूस्तो व एमिल गान्यां या दोघांनीं असें एक यंत्र सिद्ध केलें कीं, जें पाणबुड्यास हवी तेवढीच हवा, हव्या त्या दाबानें, मागितल्या वेळीं देतें. तेव्हांपासून सागरतळ केवळ आरमाराच्या माणसांचा राहिला नाहीं. तो विद्यार्थ्यांचा व गृहस्थांचाहि झाला. परंतु यंत्र विकत किंवा भाड्यानें मिळतें, तशी वागण्याची रीत मिळत नाहीं. ती शिकावी लागते, आणि ती शिकविण्याचें काम घर व शाळा यांचेंच आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. लहान होडींत सभ्यता हा वरचा अलंकार नसून ती सर्वांच्या सुरक्षिततेचा पाया आहे. आणि आपण जिला सभ्यता समजतों ती भीड मात्र तेथें घातक आहे. या दोहोंतील भेद ज्यास कळला, त्यानें होडींत बसण्यास हरकत नाहीं.

प्रथम सृष्टिनियम पाहूं. कारण या सर्व शिष्टाचारांचें मूळ त्यांत आहे. समुद्राच्या पृष्ठभागावर आपल्या अंगावर एक वातावरण एवढा दाब असतो. पाण्यांत दर दहा मीटर खोलीस त्यांत आणखी एका वातावरणाची भर पडते. म्हणजे दहा मीटर खालीं दाब दुप्पट होतो. दाब दुप्पट झाला म्हणजे वायूचें आकारमान निम्में होतें, हा रॉबर्ट बॉइलनें १६६२ सालीं प्रसिद्ध केलेला नियम वरच्या इयत्तांतील मुलांनीं पाठ केलेलाच आहे. आतां तो उलट लावून पाहा. दहा मीटर खालीं छातीभर श्वास घेऊन कोणी तो कोंडून धरला व तसाच तो वर आला, तर ती हवा दुप्पट फुगूं पाहील व फुप्फुसें फाटतील. यासाठीं श्वास कधींहि कोंडूं नये, हा बुडी घेणाराचा पहिला नियम आहे.

दुसरी गोष्ट नायट्रोजनची. दाबाखालीं हा वायु रक्तांत व शरीरांत अधिक विरघळतो. माणूस झपाट्यानें वर आला, तर सोडावॉटरची बाटली उघडल्याप्रमाणें त्याचे बुडबुडे होतात आणि सांधे, मज्जारज्जु, मेंदु यांस इजा पोहोंचते. टप्प्याटप्प्यानें वर आल्यास ही इजा टळते, हें जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञानें दाखवून १९०८ सालीं त्याचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. त्याचा पुत्र जे. बी. एस. हॉल्डेन हाहि शास्त्रज्ञ होता. दाबाच्या कोठड्यांत स्वतःवर प्रयोग करून घेणारा हा पुरुष १९५७ सालीं हिंदुस्थानांत येऊन राहिला, येथला नागरिक झाला व १९६४ सालीं भुवनेश्वर येथें वारला. आज मिनिटास सुमारें नऊ मीटरांहून अधिक वेगानें वर येऊं नये व पाण्याखालीं पांच मीटरांवर तीन मिनिटें थांबावें, असें शिकविलें जातें.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. खालीं असलेल्या माणसास मनांत येईल तेव्हां वर येतां येत नाहीं, आणि वर असलेल्यास खालच्यास हांक मारतां येत नाहीं. अशा स्थितींत दोघांमधील दुवा म्हणजे आधीं ठरलेला शब्द. ‘चाळीस मिनिटांनीं या दोराशीं येतों’ असें सांगून जो गेला, तो पन्नास मिनिटांनीं हसत वर आला, तर त्यानें केवळ उशीर केला असें नाहीं. त्या दहा मिनिटांत होडीवरल्या माणसाच्या जिवाचें पाणी पाणी झालेलें असतें. शोध करावा कीं थांबावें, नांगर उचलावा कीं ठेवावा, दुसऱ्या होडीस बोलवावें कीं काय, हे प्रश्न त्यास छळीत असतात. खालच्यानें त्या वेळीं फार सुंदर मासा पाहिला असेल. पण तो मासा त्यानें दुसऱ्याच्या जिवाला घोर लावून पाहिला. 

आतां मालवणचें उदाहरण घ्या. तेथील कुरटे बेटावर शिवछत्रपतींनीं १६६४ सालीं सिंधुदुर्ग बांधण्यास आरंभ केला. त्या किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहेत, समुद्रफुलें आहेत, नाना रंगांचे मासे आहेत. १९८७ सालीं तेथील सुमारें २९ चौरस किलोमीटर प्रदेश सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पाहुण्यांस तेथें नेणाऱ्या पुष्कळ होड्या मच्छीमार घराण्यांच्या आहेत. ज्यांच्या वडिलांनीं जाळीं ओढलीं, त्यांचीं मुलें आज पाहुण्यांस समुद्राचा तळ दाखवितात. नारळी पौर्णिमेस होडीची पूजा करणाऱ्या या लोकांस होडी ही घरच्या माणसासारखी असते. म्हणून आपण पैसे मोजून तींत बसलों तरी आपलें नातें नुसतें गिऱ्हाइकाचें राहत नाहीं. दुसऱ्याच्या घरांत पाऊल टाकणाऱ्या पाहुण्याचें तें नातें आहे. होडी एखाद्या स्नेह्याची असेल व त्यानें आपणांस आपुलकीनें बोलाविलें असेल, तर हा पाहुणेपणा दुप्पट जबाबदारीचा होतो.

पाहुण्याचें पहिलें कर्तव्य वेळेवर येणें. कोंकणच्या किनाऱ्यावर सकाळीं समुद्र बहुधा शांत असतो. दुपार होऊं लागली कीं वारा उठतो, लाटा वाढतात व पाणी गढूळ होतें. सकाळीं सातला यावयाचा मनुष्य साडेआठला आला, तर त्यानें सर्वांच्या वांट्याचा शांत समुद्र खाऊन टाकला. आगगाडी चुकली तर दुसरी मिळते. भरती-ओहोटी व वारा मात्र कोणासाठीं थांबत नाहींत.

दुसरें कर्तव्य आटोपशीर राहण्याचें. लहान होडींत सामान एका मऊ पिशवींत मावेल एवढेंच न्यावें. वाळूनें भरलेल्या चपला घालून वर चढूं नये. हवेचें एक नेहमींचें सिलिंडर सुमारें १४ किलो वजनाचें असतें. तें उभें ठेवून कोणी दुसरीकडे गेला व लाटेनें होडी कलली, तर तें कोणाच्या पायावर पडेल हें सांगतां येत नाहीं. म्हणून तें आडवें ठेवावें किंवा बांधून ठेवावें. शिशाचीं वजनें फळीवर आपटूं नयेत. पायांत घालावयाचे रबरी पंख अगदीं शेवटीं, पाण्यांत उतरतांना घालावे. ते घालून होडीभर चालणारा मनुष्य दहाजणांच्या वस्तु तुडवितो. ज्यास मळमळूं लागेल त्यानें लाजून मधोमध बसूं नये. वारा ज्या बाजूनें होडीबाहेर जातो त्या काठाशीं जावें, व इतरांनीं त्यास हसूं नये. समुद्र लागणें हा दुर्गुण नव्हे.

तिसरी गोष्ट जरा चमत्कारिक वाटेल. या होडींत विचारल्यावांचून कोणास मदत करूं नये. जमिनीवर दुसऱ्याचें ओझें न विचारतां उचलणें हा चांगुलपणा आहे. पण बुडी घेणारानें आपल्या सिलिंडरची कळ उघडली असतां, ती बंद आहे असें समजून शेजाऱ्यानें प्रेमानें फिरविली, तर तो माणूस पाण्यांत उतरल्यावर त्याची हवा तुटेल. म्हणून आधीं ‘हात लावूं का?’ असें विचारावें, मग हात लावावा. आपली साधनसामग्री आपण तपासावी, आपल्या जोडीदारास ती पुन्हां तपासावयास सांगावी, आणि त्याची आपण तपासावी.

पाण्यांत उतरण्यापूर्वीं मागें कोणी नाहीं ना हें पाहावें. वर येतांना हात डोक्यावर धरून हळूहळू यावें. दुसरा शिडीवर चढत असतां कधींहि त्याच्या खालीं थांबूं नये. त्याचा हात सुटला तर तो पाठीवरच्या सिलिंडरसह आपल्या डोक्यावर येईल. दोर धरून बाजूस आपल्या पाळीची वाट पाहावी. इंजिनाचा पंखा थांबला आहे असें नावाड्यानें सांगितल्यावांचून होडीच्या मागल्या अंगास जाऊं नये. होडीवर निळें-पांढरें निशाण दिसलें कीं खालीं माणूस आहे, हें आंतरराष्ट्रीय संकेतानें ठरलेलें आहे. दुसऱ्या होडीवर तें दिसलें तर आपल्या नावाड्यास वेग वाढवावयास सांगणारे आपण नसावें.

पाण्याखालींहि आपण पाहुणेच असतों, आणि तेथें आपणांस पाहणारें कोणी नसतें. प्रवाळ दगडासारखा दिसतो, पण तो जिवंत प्राण्यांनीं रचलेला असतो, आणि त्याच्या भरीव जाति वर्षास जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतात. आपण छायाचित्रासाठीं त्यावर हात टेकला, तर आपल्या जन्माआधींची वाढ एका क्षणांत मोडूं शकते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें प्रवाळास २००१ पासून वाघाच्या बरोबरीचें संरक्षण दिलें आहे. त्याचा तुकडा आठवण म्हणून घरीं आणणें हा गुन्हा आहे. माशांना पाव व बिस्किटें घालूं नयेत. आणि कोळ्यांचें जाळें दिसलें तर त्यास हात लावूं नये. तो समुद्र आपल्या मौजेची जागा असला तरी त्यांचें तें शेत आहे. उभ्या पिकांतून कोणी धांवत गेल्यास शेतकऱ्यास जें वाटेल, तेंच त्यांस वाटतें.

येथवर सांगितलेल्या गोष्टी पटण्यास कठीण नाहींत. खरी अडचण पुढेंच आहे, व ती आपल्या स्वभावांत आहे. आपण भिडस्त लोक आहों. यजमानानें आग्रह केला तर ‘नको’ म्हणवत नाहीं; चारचौघांत ‘मला भीति वाटते’ असें सांगवत नाहीं; मोठ्यांचें चुकत असलें तरी बोलवत नाहीं. आपल्याच पूर्वजांनीं ‘भीड भिकेची बहीण’ अशी म्हण केली. पण ती आपण पैशांच्या व्यवहारापुरती ठेवली. समुद्रांत ती भीक मागावयास लावून थांबत नाहीं.

समजा, एका मुलास सर्दी झाली आहे. खालीं जातांना कानांवर दाब वाढतो, आणि नाक चोंदलें असेल तर तो दाब समान करतां येत नाहीं. कानाचा पडदा फाटण्याचें भय असतें. मुलास हें शिकविलेलें आहे. पण पैसे भरले आहेत, बाबा छायाचित्राची वाट पाहत आहेत, धाकटी बहीण निर्भयपणें उतरली आहे. म्हणून तो गप्प बसतो व उतरतो. त्याचें हें वागणें आज्ञाधारक दिसेल, पण तें सभ्य नाहीं. कारण खालीं त्यास त्रास झाला, तर त्याचा हात धरणाऱ्या माणसास आपला जीव पणास लावून त्यास वर आणावें लागेल. ‘मला बरें वाटत नाहीं, मी आज उतरत नाहीं,’ हीं सात-आठ अक्षरांचीं नव्हेत तर आठ शब्दांचीं दोन वाक्यें होडीवर किनाऱ्यासच बोलणें, हा सर्वांवर केलेला उपकार आहे. 

जाणत्या पाणबुड्यांत एक सुंदर रीत आहे. कोणीहि, कोणत्याहि वेळीं, कोणतेंहि कारण न देतां बुडी सोडून देऊं शकतो, व त्यास कोणी ‘कां?’ म्हणून विचारीत नाहीं. पाण्याखालीं बोलतां येत नाहीं म्हणून तेथें हातांच्या खुणा असतात. जमिनीवर आपण अंगठा वर करतों तो ‘छान’ अशा अर्थानें. पाण्याखालीं त्याचा अर्थ ‘वर चला’ असा आहे. ‘ठीक आहे’ हें सांगावयास अंगठा व तर्जनी जुळवून वर्तुळ करावें लागतें. वर केलेल्या अंगठ्याशीं वाद घालावयाचा नसतो. तो कालच आलेल्या पोरानें दाखविला तरी वीस वर्षांच्या अनुभवी माणसानें त्याच्याबरोबर वर निघावें. वयाचा व मानाचा एवढा विचार करणाऱ्या आपल्या समाजानें ही रीत मुद्दाम लक्षांत घेण्याजोगी आहे.

हवेच्या मापाविषयींहि असाच खरेपणा हवा. सिलिंडरांत साधारणतः २०० बार दाबाची हवा असते व ५० बार शिल्लक ठेवून वर यावयाचें असते. ‘किती उरली?’ या खुणेस, आपली लौकर संपली याची लाज वाटून, जो अधिक आंकडा दाखवितो, तो परीक्षेंत नक्कल करणाऱ्याहून अधिक मूर्ख आहे. नक्कल करणारा गुरुजींस फसवितो. हा त्यास श्वास उसना देणाऱ्या मित्रासच फसवितो.

याच न्यायानें नावाड्याचा शब्द अखेरचा मानावा. ‘आज पाणी बरें नाहीं’ असें तो म्हणाला, तर ‘आम्ही पुण्याहून एवढ्या लांब आलों आहों’ हें त्यास उत्तर नव्हे. होडींत आणखी दोघांस घेण्याचा आग्रह त्यास करूं नये. पोट हातावर असलेल्या माणसास पैशाचा मोह घालणें ही शिष्टाई नव्हे. मे २०२२ मध्यें तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची होडी उलटून माणसें दगावलीं, हें आपणांपैकीं पुष्कळांनीं वृत्तपत्रांत वाचलें असेल. त्या एका घटनेचा दोष कोणाचा हें येथें सांगावयाचें नाहीं. परंतु रक्षक जाकीट अंगांत घालावयास सांगितलें असतां ‘उकडतें’ म्हणून तें मांडीवर घेऊन बसणारी मंडळी आपण सर्वांनीं पाहिली आहे, आणि त्यांत सुशिक्षित कमी नसतात.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांस विशेष सांगावयाची आहे, ती हजेरीची. वर्गांत मित्राच्या ऐवजीं ‘हजर’ म्हणण्याची खोड कांहींस असते. होडींत मात्र ज्याचें नांव त्यानेंच ओ द्यावी, आणि मोजणी चालली असतां कोणीं जागा बदलूं नये. २५ जानेवारी १९९८ रोजीं ऑस्ट्रेलियांतील ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळांच्या रांगेकडे पाणबुड्यांस घेऊन गेलेली एक नौका मोजणी चुकून परत आली, व एक अमेरिकन दांपत्य समुद्रांतच राहिलें. दोन दिवसांनीं त्यांचें सामान नौकेवर पडलेलें पाहून ही गोष्ट उघडकीस आली. मोठा शोध झाला, पण तीं दोघें सांपडलीं नाहींत. त्यानंतर तेथें मोजणीचे नियम कडक झाले. एक आंकडा बरोबर मोजला जावा म्हणून क्षणभर गप्प बसणें, एवढीच सभ्यता त्या वेळीं प्रत्येकाकडून हवी असते.

‘इतके नियम पाळावयाचे तर मौज उरली कोठें?’ असें कोणी मुलगा विचारील. त्यानें क्रिकेटचा विचार करावा. नियम काढून टाकले तर त्या खेळांत केवळ लाकूड व चेंडू उरेल. ज्या होडींत प्रत्येकजण आपली वस्तु जागेवर ठेवतो, खरें बोलतो व ठरल्या वेळीं परततो, त्या होडींत मन निश्चिंत असतें, आणि निश्चिंत मनासच मासे दिसतात. घाबरलेला किंवा भांडलेला मनुष्य खालीं जाऊन फक्त स्वतःचे बुडबुडे पाहून येतो.

पालकांस आमची एवढीच विनंति आहे. मूल काठावर अडलें, तर ‘उतर, पैसे वायां जातील’ असें म्हणूं नका. बुडीचे पैसे थोडे असतात. आणि त्यानें परत येऊन ‘मी घाबरलों होतों’ असें सांगितलें, तर पाहुण्यांत तें थट्टेनें सांगूं नका. नाहींतर पुढच्या वेळीं तें खरें सांगणार नाहीं. घरीं ज्यास ‘नाहीं’ म्हणण्याची मोकळीक नसते, त्यास समुद्रांत तें एकाएकीं साधत नाहीं.

होडी किनाऱ्यास लागल्यावर धांवत निघून जाऊं नये. सिलिंडर उतरविण्यास हात लावावा, होडी धुवावयाची असेल तर बादलीभर पाणी आणावें, स्नेह्याची होडी असल्यास इंधनाचा आपला वांटा त्यानें मागण्यापूर्वींच द्यावा. डब्यांतला पहिला लाडू सकाळपासून उन्हांत बसून आपली वाट पाहणाऱ्या नावाड्यास द्यावा, व त्याचें नांव विचारावें. आपण खालीं असतांना आपल्या बुडबुड्यांवरून नजर न हलविणारा तोच एक मनुष्य होता.